छतावरचा मनोरा आणि गोदेचे पाणी



नाशिकरोड स्थानक सोडून गाडी मनमाडच्या दिशेने निघाली, की थोड्याच अवधीत एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्र दृष्टीस पडते. थंडीच्या दिवसांत सकाळच्या वेळी या केंद्राच्या आवारातून पांढरे शुभ्र लोट आकाशात चढताना दिसतात. उंच चिमणीतून निघणारा धूर आणि हे लोट यांत पुष्कळांची गल्लत होते. चिमणीतून बाहेर पडतो तो कोळशाचा धूर. शीतकरण मनोऱ्यांतून वर जाते ते मात्र निव्वळ पाणी. बाष्परूपाने हवेत जाऊन थंडीने पुन्हा द्रवरूप झालेले ते सूक्ष्म जलकण असतात. गोदावरीतून उचललेल्या पाण्याचा एक हिस्सा अशा रीतीने आकाशास अर्पण होतो आणि त्या मोबदल्यात यंत्रांची उष्णता दूर होते.

एकलहऱ्याचे पहिले दोन संच १९७०-७१ च्या सुमारास सुरू झाले. त्यानंतर १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅट क्षमतेचे तीन संच उभे राहिले. जुने दोन संच पुढे सेवानिवृत्त झाले. या केंद्राचा इतिहास हा आजचा विषय नव्हे. तेथे जे काम प्रचंड प्रमाणावर चालते, तेच काम रुग्णालये, उपाहारगृहे, कार्यालये, नाट्यगृहे आणि शीतगृहे यांच्या छतावर किंवा परसात एक लहानसे यंत्र मुकाट्याने करीत असते. त्यालाही शीतकरण मनोरा, व्यवहारात ‘कूलिंग टॉवर’, असेच म्हणतात. सार्वजनिक पैशातून अशा इमारती उभारल्या जातात तेव्हा त्यांच्या अंदाजपत्रकांवर अधिकाऱ्यांच्या, लोकप्रतिनिधींच्या आणि संस्थाचालकांच्या स्वाक्षऱ्या होतात. त्या अंदाजपत्रकात या मनोऱ्यासाठी जेमतेम एक ओळ असते. त्या एका ओळीत पुढील पंधरा-वीस वर्षांचे वीजबिल, पाण्याचा खर्च आणि काही वेळा माणसांचे आरोग्य दडलेले असते. म्हणून ती ओळ नीट वाचता येणे अगत्याचे आहे.

माठाचे शास्त्र

शीतकरण मनोऱ्याचे तत्त्व समजण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. घरातील माठ पुरेसा आहे. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. मनोऱ्यातही हेच घडते. केवळ माठ स्वस्थ बसलेला असतो, तर मनोऱ्यात पंप पाणी फिरवीत राहतो आणि पंखा हवा खेचीत राहतो.

मोठ्या वातानुकूलित इमारतीत ‘चिलर’ नावाचे यंत्र पाणी थंड करते. ते थंड पाणी नळांवाटे दालनोदालनी जाते आणि तेथील उष्णता शोषून परत येते. ही शोषलेली उष्णता कोठेतरी टाकून द्यावीच लागते. त्यासाठी पाण्याचा दुसरा प्रवाह असतो. तो चिलरच्या कंडेन्सरमध्ये तापतो, छतावरील मनोऱ्यात जातो, तेथे नळ्यांतून वा तुषारांतून खाली पडतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या प्लॅस्टिकच्या जाळीवरून पातळ थरांनी ओघळतो आणि वर जाणाऱ्या हवेला उष्णता देऊन खालच्या टाकीत जमतो. तेथून पंप त्याला पुन्हा कंडेन्सरकडे धाडतो. हे चक्र अखंड चालते.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. याचा अर्थ असा, की शंभर लिटर पाण्यापैकी एक लिटर उडून गेले, तर उरलेले पाणी पाच-सहा अंश सेल्सियसने थंड होते. एक टक्का पाण्याच्या त्यागाने नव्व्याण्णव टक्के पाणी पुन्हा उपयोगी पडते, ही या यंत्राची थोरवी होय.

उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते. आषाढात मात्र तोच माठ नावापुरताच उरतो, हा सर्वांचा अनुभव आहे. हवा आधीच ओलसर असेल तर वाफ होण्यास वाव राहत नाही. हवेची ही क्षमता मोजण्यासाठी तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळतात. त्यावर जे तापमान दिसते, ते ‘ओल्या फुग्याचे तापमान’. शाळेतील प्रयोगशाळेत हा प्रयोग पाच मिनिटांत करून दाखविता येतो आणि शिक्षकांनी तो अवश्य दाखवावा. मनोऱ्यातील पाणी या तापमानाच्या खाली कधीच जाऊ शकत नाही. चांगला मनोरा त्याच्या तीन-चार अंश जवळ जातो, एवढेच.

मे महिन्यात दुपारी पारा ३८ अंशांवर असेल आणि हवेत वीस टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फुग्याचे तापमान केवळ २१ अंशांच्या आसपास राहते. जुलैत पारा २७ अंशांवर उतरतो. परंतु आर्द्रता ८५ टक्के झाली, की तेच तापमान २५ अंशांपर्यंत चढते. अंगाला मे महिना असह्य वाटतो. मनोऱ्याला मात्र जुलैच जड जातो. मुंबईत ३३ अंश तापमान आणि सत्तर टक्के आर्द्रता असेल, तर हा आकडा २८ अंशांवर जातो. म्हणून मुंबईच्या इमारतीसाठी तयार केलेले विनिर्देश नाशिकच्या निविदेत जसेच्या तसे उतरविले, तर गरजेपेक्षा मोठे यंत्र गळ्यात पडण्याचा संभव असतो. उलटपक्षी केवळ मे महिन्यातील कोरडी दुपार पाहून हिशेब केला, तर पावसाळ्यात यंत्र अपुरे पडते. नाशिकचा हिशेब नाशिकच्याच हवेवरून झाला पाहिजे, हा खर्चनियोजनाचा पहिला धडा.

थोडा पूर्वेतिहास

आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ ऐषआरामासाठी झाला नाही. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी अशी यंत्रणा आखली. हवेतील दमटपणाने कागद फुगे, आकसे आणि रंगीत छपाईचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. नाशिकरोडला चलनी नोटा आणि मुद्रांक यांच्या छपाईची परंपरा आहे. तेथील माणसांना कागदाचा हा स्वभाव वेगळा सांगावयास नको. उंच, मध्ये निमुळत्या, डमरूच्या घाटाच्या मनोऱ्याची कल्पना व्हान इटर्सन आणि क्युपर्स या डच अभियंत्यांची. १९१८ मध्ये नेदरलँड्समधील हेर्लेननजीक एका कोळशाच्या खाणीवर तसा पहिला मनोरा उभा राहिला. या मनोऱ्यात पंखा नसतो. चिमणीप्रमाणे हवा आपोआप वर चढते. नोव्हेंबर १९६५ मध्ये इंग्लंडमधील फेरीब्रिज येथे जोराच्या वाऱ्याने असे तीन मनोरे कोसळले. जवळजवळ उभारलेल्या मनोऱ्यांमध्ये वारा कसा वागतो, याचा पुरेसा विचार झाला नव्हता. यंत्र निर्दोष असले तरी जागेची निवड चुकली तर अनर्थ होतो, हा बोध त्यातून मिळाला. तो छतावरील लहान मनोऱ्यालाही लागू आहे.

इमारतींवर दिसणारे मनोरे पंख्याचे असतात. पंखा डोक्यावर बसवून हवा वर खेचण्याची पद्धत अधिक रूढ आहे. काचतंतूंच्या प्लॅस्टिकचे गोल, बाटलीच्या आकाराचे मनोरे लहान इमारतींवर दिसतात, तर मोठ्या कामांसाठी चौकोनी मनोरे वापरतात. पूर्वी लाकडी सांगाडे आणि जस्त चढविलेले पत्रेही प्रचारात होते.

अंदाजपत्रकातील एक ओळ

आता खर्चाकडे वळू. मनोऱ्याची किंमत संपूर्ण वातानुकूलन यंत्रणेच्या किमतीचा लहानसा भाग असते. त्यामुळे ‘अंदाज वाढला, कोठेतरी काटछाट करा’ असा आदेश आला, की पहिली कुऱ्हाड बहुधा यावरच पडते. मनोरा एक आकाराने लहान घेतला, तर उद्‌घाटनाच्या दिवशी कोणाच्याही लक्षात येत नाही. दालने थंड असतात आणि सत्कार निर्विघ्न पार पडतो. चिलर मात्र त्या दिवसापासून अधिक वीज खाऊ लागलेला असतो.

मनोऱ्यातून येणारे पाणी एक अंशाने अधिक थंड असेल, तर चिलरची वीज साधारण दोन ते तीन टक्क्यांनी वाचते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका रुग्णालयासाठी शंभर टनांची यंत्रणा बसवावयाची आहे. येथे ‘टन’ हे वजन नव्हे. ताशी सुमारे ३,०२४ किलोकॅलरी उष्णता काढण्याची ती क्षमता आहे. असा चिलर पूर्ण भाराने चालताना समजा ७० किलोवॅट वीज घेतो. दोन निविदा आल्या. दुसऱ्या निविदेतील मनोरा मोठा आहे. तो पाणी दोन अंश अधिक थंड करतो आणि दीड लक्ष रुपयांनी महाग आहे. दोन अंशांमुळे पाच टक्के, म्हणजे साडेतीन किलोवॅट वीज वाचते. वर्षाला अडीचशे दिवस, रोज दहा तास आणि सरासरी तीन-चतुर्थांश भार धरला, तर वर्षाची बचत साडेसहा हजार युनिटांच्या घरात जाते. युनिटचा दर दहा रुपये धरल्यास ही बचत ६५ हजार रुपयांची होते. म्हणजे अधिक दिलेले दीड लक्ष रुपये अडीच वर्षांच्या आतच वसूल होतात आणि उरलेल्या बारा-तेरा वर्षांची बचत संस्थेच्या पदरात पडते.

हा हिशेब प्राथमिक शाळेतील गुणाकार-भागाकाराचाच आहे. तरीही तो होत नाही, याचे कारण अज्ञान हे नव्हे. बांधकामाचा खर्च एका लेखाशीर्षाखाली पडतो, वीजबिल दुसऱ्या शीर्षाखाली आणि पाणीपट्टी तिसऱ्या. इमारत बांधणारा विभाग वेगळा, वापरणारा वेगळा आणि दुरुस्ती करणारा त्याहून वेगळा. प्रत्येकजण आपापल्या शीर्षापुरती काटकसर करतो आणि या सर्व काटकसरींची बेरीज शेवटी उधळपट्टी होते. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्यात नियमभंग काहीच नसतो. प्रश्न एवढाच, की ‘कमी दर’ म्हणजे कोणता दर? खरेदीच्या दिवसाचा, की पंधरा वर्षांचा? निविदेच्या अटींतच वीज व पाणी यांचा वार्षिक खर्च मागवून त्यासह तुलना करण्याची तरतूद ठेवली, तर नियमही पाळला जातो आणि हितही साधते. केंद्र शासनाने ऊर्जासंवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. तिचा रोखही याच दूरदृष्टीकडे आहे.

मनोऱ्याच्या किमतीबरोबर इतर बाबीही आरंभीच मोजल्या पाहिजेत. पाण्याने भरलेल्या मनोऱ्याचे वजन काही टनांवर जाते. स्लॅब ओतल्यानंतर ही गोष्ट आठवली, तर लोखंडी तुळयांचा नवा खर्च उभा राहतो. पंप, नळ, विजेच्या तारा, पाणी शुद्ध करण्याची सामग्री, वर चढण्यासाठी पक्का जिना आणि दुरुस्तीसाठी भोवती मोकळी जागा या गोष्टी मागाहून ‘जादा काम’ म्हणून येतात आणि दीडपट दराने येतात. शोभेसाठी मनोऱ्याभोवती उंच भिंत बांधली, की बाहेर टाकलेली दमट हवा पुन्हा आत खेचली जाते आणि चांगला मनोराही नाकाम ठरतो. वास्तुशिल्पी, बांधकाम अभियंता आणि यांत्रिकी अभियंता यांची पहिली बैठक नकाशा मंजूर होण्यापूर्वी व्हावी. त्या एका बैठकीचा खर्च चहापाण्यापुरताच असतो.

पंख्याविषयीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पंख्याचा वेग पाचव्या हिश्श्याने कमी केला, तर त्याची वीज जवळजवळ निम्मी होते. रात्री आणि थंडीच्या दिवसांत पूर्ण वेगाची गरजच नसते. वेग नियंत्रित करणारे साधन प्रथम महाग वाटते; परंतु नाशिकसारख्या गार रात्रींच्या गावात ते आपली किंमत लवकर भरून काढते.

अर्थात, प्रत्येक इमारतीला मनोरा हवाच असे नाही. लहान कार्यालयास हवेने थंड होणारी यंत्रे पुरेशी असतात. ती वीज अधिक घेतात. परंतु पाणी घेत नाहीत आणि त्यांना रोजची देखरेख लागत नाही. त्याही आधीचा प्रश्न असा, की वातानुकूलन खरोखर किती दालनांना लागते? शस्त्रक्रियागृहाची गरज निर्विवाद आहे. सभागृहाच्या व्हरांड्याची ती नाही. पश्चिमेकडील खिडक्यांना सावली, छतावर पांढरा लेप आणि समोरासमोर वायुवीजन यांनी जे साधते, त्यासाठी यंत्र घेणे म्हणजे घरची विहीर बुजवून टँकर मागविण्यासारखे आहे.

पाण्याचा ताळेबंद

विजेचा हिशेब रुपयांत मांडता येतो. पाण्याचा हिशेब रुपयांत मांडला तर तो फसवा ठरतो, कारण पाण्याची पट्टी कमी असते आणि मोल अधिक असते.

वर सांगितलेल्या शंभर टनांच्या यंत्रणेत पूर्ण भार असताना ताशी सुमारे ६५० लिटर पाणी वाफ होऊन जाते. दहा तासांत साडेसहा हजार लिटर. परंतु एवढ्यावर भागत नाही. बासुंदी करताना दूध आटते, पाणी उडते आणि गोडवा दाट होतो. तद्वत मनोऱ्यातील पाणी आटताना त्यातील क्षार मागे राहतात आणि दाट होत जातात. ते मर्यादेबाहेर गेले, की कंडेन्सरच्या नळ्यांत चुन्याचे पापुद्रे धरतात, उष्णता बाहेर पडेनाशी होते आणि विजेचे बिल चढते. म्हणून दाट झालेले पाणी वेळोवेळी सोडून द्यावे लागते आणि ताजे भरावे लागते. क्षार दुप्पट होताच पाणी सोडले, तर उडालेल्या पाण्याइतकेच पाणी गटारात जाते. रोजची गरज तेरा हजार लिटर होते. योग्य प्रक्रिया करून क्षार चौपट होईपर्यंत तेच पाणी वापरले, तर सोडण्याचे पाणी एक-तृतीयांशावर येते आणि रोजची गरज ८,७०० लिटरवर उतरते. वर्षाकाठी वरच्याच हिशेबाने आठ लक्ष लिटर पाणी वाचते. दहा हजार लिटरचे ऐंशी टँकर.

ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण ठरविले आहे. त्या मापाने तेरा हजार लिटर म्हणजे सुमारे २३६ माणसांचे पाणी आणि ८,७०० लिटर म्हणजे १५८ माणसांचे. मधल्या अठ्ठ्याहत्तर माणसांची तहान कोणा पुढाऱ्याच्या भाषणावर अवलंबून नाही. छतावरच्या एका झडपेवर आणि ती पाहणाऱ्या एका मनुष्यावर ती अवलंबून आहे.

नाशिकमध्ये या हिशेबाला विशेष अर्थ आहे. शहराची तहान गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांवर भागते. तीच गोदावरी पुढे पैठणला जायकवाडीच्या नाथसागरात मिळते. वरच्या धरणांनी किती अडवावे आणि खालच्या धरणासाठी किती सोडावे, हा वाद महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापुढे गेला. प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्यासंबंधी आदेश दिला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो मूलतः ग्राह्य धरला. पाऊस अपुरा झालेल्या वर्षी नाशिक-नगरच्या धरणांतून मराठवाड्यासाठी पाणी सोडताना दोन्हीकडील मने किती दुखावतात, हे या भागातील प्रत्येक पंचायत सदस्यास ठाऊक आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी पूर्णपणे बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती. थंड करावयास पाणी नव्हते. मनोऱ्याला पाणी मिळाले नाही तर काय होते, याचा याहून स्पष्ट दाखला शोधावा लागणार नाही.

या प्रश्नाला उत्तरेही आहेत. नागपूर महानगरपालिकेचे सांडपाणी शुद्ध करून ते कोराडी येथील वीजकेंद्रासाठी वापरण्याची योजना राज्यात अमलात आली. तिची क्षमता दररोज तेरा कोटी लिटर इतकी आखण्यात आली होती. केंद्र शासनाच्या २०१६ च्या वीजदर धोरणाने तर सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले. मोठ्या केंद्राला जे शक्य आहे, ते लहान इमारतीलाही योग्य प्रमाणात शक्य आहे. स्वच्छ केलेले वापरलेले पाणी, छतावरील पावसाचे पाणी आणि वातानुकूलन यंत्रांच्या गार वेटोळ्यांवरून ठिबकणारे पाणी या तिन्हींचा उपयोग होतो. ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षाररहित असते आणि दमट दिवसांत बरेच जमते. बहुतेक ठिकाणी ते गटारात जाते. विंधन विहिरीचे पाणी मात्र बहुधा जड असते. तपासणीवाचून ते मनोऱ्यात सोडले, तर पाणी फुकट आणि नळ्या महाग, असा व्यवहार होतो.

द्राक्षपट्ट्यातील नातेवाईक

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या द्राक्षपट्ट्यात शीतगृहे उभी आहेत. वेलीवरून उतरलेल्या द्राक्षांतील उन्हाची ऊब काही तासांत काढून घ्यावी लागते आणि नंतर ती शून्य अंशाच्या आसपास ठेवावी लागतात. येथे अमोनियाची उष्णता टाकण्यासाठी ज्या यंत्रावर पाणी शिंपडले जाते, तो शीतकरण मनोऱ्याचा सख्खा भाऊच होय. द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिलचा. हवा कोरडी असल्याने यंत्र उत्तम चालते. परंतु विहिरींची पातळीही त्याच महिन्यांत खाली जाते. म्हणजे पाण्याची सर्वाधिक गरज आणि सर्वाधिक टंचाई यांची गाठ एकाच वेळी पडते. सहकारी संस्थांनी नव्या शीतगृहाचा प्रस्ताव करताना ‘किती टन द्राक्षे’ या प्रश्नाबरोबर ‘मार्च महिन्यात पाणी कोठून’ हा प्रश्नही कागदावर लिहावा.

आरोग्याची बाजू

शेवटी एक गंभीर गोष्ट. जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी माजी सैनिकांचे अधिवेशन एका प्रतिष्ठित हॉटेलात भरले होते. त्यानंतर अनेकांना विलक्षण न्यूमोनिया झाला आणि चौतीस जण दगावले. पुढील वर्षाच्या आरंभी रोगाच्या जिवाणूचा शोध लागला आणि माजी सैनिकांच्या संघटनेवरून त्यास ‘लिजिओनेला’ हे नाव मिळाले. संशय हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेवर, विशेषतः शीतकरण मनोऱ्यावर होता. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात हाच रोग पसरला, सोळा माणसे मरण पावली आणि उगम एका मनोऱ्यापाशी सापडला. त्यानंतर त्या शहराने प्रत्येक मनोऱ्याची नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली.

हा जिवाणू कोमट, साचलेल्या, गाळ धरलेल्या पाण्यात वाढतो आणि मनोऱ्यातून उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर श्वासात शिरतो. वृद्ध, अशक्त आणि आधीच आजारी माणसांना त्याचा धोका अधिक. म्हणजे रुग्णालयाच्या छतावरील अस्वच्छ मनोरा नेमका दुबळ्यांवरच घाव घालतो. उपाय मात्र साधे आहेत. तुषार अडविणाऱ्या पट्ट्या शाबूत ठेवाव्यात, टाकी ठरावीक काळाने रिकामी करून घासावी, जंतुनाशकाची मात्रा नियमित द्यावी, बरेच दिवस बंद असलेला मनोरा स्वच्छ केल्यावाचून सुरू करू नये आणि ताजी हवा आत घेणाऱ्या झरोक्यांजवळ मनोरा बसवू नये. अंदाजपत्रकात देखभालीचा खर्च आणि त्यासाठी एका प्रशिक्षित माणसाचे वेतन न दाखविता मनोरा खरेदी करणे, हे परिचारिकांची पदे न भरता खाटा मांडण्यासारखे आहे.

सारांश पाच प्रश्नांत मांडता येईल. वातानुकूलनाचा प्रस्ताव समोर आला, की सभेतील कोणाही सदस्याने ते निःसंकोच विचारावेत. याची गरज किती दालनांना आहे? ओल्या फुग्याचे कोणते तापमान धरून मनोरा निवडला आहे आणि ते याच गावचे आहे काय? पंधरा वर्षांचा वीज आणि पाण्याचा खर्च धरून कोणती निविदा स्वस्त ठरते? मार्च ते जून या काळात पाणी कोठून येणार आणि सोडलेले पाणी कोठे जाणार? आणि मनोरा स्वच्छ ठेवण्याचे काम कोणाच्या नावावर आहे?

हे प्रश्न विचारणाऱ्यास तांत्रिक ज्ञान असावेच असे नाही. उत्तर देणाऱ्यास मात्र ते असले पाहिजे. सभेत प्रश्न विचारले जातात असे एकदा माहीत झाले, की उत्तरे तयार ठेवण्याची शिस्त आपोआप लागते. एकलहऱ्याचे पांढरे लोट दुरून सर्वांना दिसतात. छतावरच्या लहान मनोऱ्यातून जाणारे पाणी कोणाला दिसत नाही. परंतु तेही त्याच गोदेचे असते आणि त्याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी स्वाक्षरी करणाऱ्या प्रत्येक हातावर येते.